दात्याचा छंद व संशोधकाचा निर्णय : टाटा-बंधूंच्या न्यासांचें एक परीक्षण

(१)

ज्यांच्या घरीं चार पोथ्या, दोन बाडें आणि एखादा मोडी कागदांचा रुमाल आहे, अशा प्रत्येक गृहस्थास उतारवयांत एक प्रश्न पडतोच : आपल्यामागें याचें काय होणार ? मुलांस आवड नाहीं, घरांत जागा नाहीं, आणि रद्दीवाला तर दारावरून रोज जातो. मग संग्रह एखाद्या संस्थेस द्यावा, ऐपत असल्यास त्याबरोबर कांहीं रक्कम ठेवून न्यास करावा, असा विचार मनांत येतो. आमच्या परिचयाच्या अनेक संग्राहकांनीं हा विचार आमच्यापाशीं बोलून दाखविला आहे. आमच्या स्वतःच्या मनांतहि तो गेलीं दोन वर्षें घोळत आहे.

परंतु या विचारावर विद्वन्मंडळींतून एक आक्षेप हटकून येतो. तो असा कीं, एका व्यक्तीच्या छंदांतून निघालेली संस्था त्या छंदाच्या कुंपणाबाहेर कधींच पडत नाहीं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या न्यायानें तेथील पंडित दात्याच्या मनाजोगतें तेंच शोधतात व तेंच सांपडलें म्हणून सांगतात. सबब असल्या द्रव्यावर झालेलें संशोधन मुळांतच संशयास्पद होय.

हा आक्षेप केवळ मत्सरमूलक आहे असें म्हणून झटकून टाकतां येणार नाहीं. उलट तो जसाच्या तसा मान्यहि करतां येणार नाहीं. कारण मान्य केल्यास या देशांतील निम्म्या संशोधनसंस्था, आणि आपल्या नियतकालिकांत येणारे निम्मे लेख, निकालांत निघतील. अशा वेळीं सामान्य विधानांचा काथ्याकूट करण्यापेक्षां एकच उदाहरण घेऊन तें कसोटीला लावणें बरें. प्रस्तुत लेखांत आम्हीं टाटा-बंधूंच्या न्यासांचें उदाहरण घेतलें आहे. त्याचें कारण, त्या बंधूंच्या छंदांपैकीं एक छंद थेट आपल्या विषयाला, म्हणजे पुराणवस्तुसंशोधनाला, भिडलेला होता; आणि त्या प्रकरणांत वर सांगितलेला आक्षेप जितक्या उघडपणें घेतां येईल तितका दुसरीकडे क्वचितच घेतां येईल.

(२)

जमशेटजी टाटा १९०४ सालीं वारले. त्यांस दोन पुत्र : दोराबजी (१८५९–१९३२) व रतनजी (१८७१–१९१८). २०२४ सालीं निधन पावलेले रतन टाटा ते हे नव्हत. ते रतनजींच्या दत्तक घराण्यांतले, पुढील पिढीचे. येथें वडील रतनजींविषयींच बोलणें आहे. दोघेहि बंधु निपुत्रिक होते, आणि दोघांनींहि आपल्या मिळकतीचा मोठा भाग न्यासांस दिला. रतनजींचा न्यास त्यांच्या मृत्युपत्रान्वयें १९१९ सालीं स्थापन झाला. दोराबजींनीं आपला न्यास १९३२ सालीं, मृत्यूच्या थोडेच महिने आधीं केला. पुढें टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारें ६६ टक्के भाग टाटा घराण्याच्या निरनिराळ्या न्यासांकडे आले, यावरून या दानाची व्याप्ति ध्यानांत येईल.

दोघांच्या आवडी मात्र अगदीं निराळ्या. रतनजी प्रकृतीनें नाजूक, वृत्तीनें रसिक. लंडनजवळ ट्विकनहॅम येथें यॉर्क हाऊस नांवाचा जुना वाडा त्यांनीं १९०६ सालीं घेतला होता. युरोपीय चित्रें, चिनी व जपानी कलावस्तु यांचा त्यांनीं जमविलेला संग्रह त्यांच्यामागें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, मिळाला. पण याच रसिक गृहस्थानें नामदार गोखल्यांच्या भारतसेवक समाजास दरसाल दहा हजार रुपये दिले. दक्षिण आफ्रिकेंतील गांधीजींच्या सत्याग्रहास १९०९ पासून वेळोवेळीं मिळून सव्वा लाख दिले; आणि लंडनच्या अर्थशास्त्रविद्यालयांत दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून वार्षिक देणगी लावून दिली. त्या देणगीवर नेमलेले पहिले संचालक टॉनी यांनीं साखळ्या घडविणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाची चौकशी करून १९१४ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें.

दोराबजी शरीरानें धिप्पाड, मैदानी खेळांचे षोकी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतले अनवाणी गडी धांवतांना पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं, हीं माणसें जगाच्या शर्यतींत उतरलीं पाहिजेत. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले ते मुख्यतः त्यांच्या खटपटीमुळें. १९२७ सालीं स्थापन झालेल्या हिंदी ऑलिंपिक मंडळाचे ते पहिले अध्यक्ष. दुसरी आवड रत्नांची, तिसरी पत्नीची. आणि या दोहोंचा शेवट कसा झाला तें पुढें येईल.

एवढी ओळख पुरे. आतां मूळ मुद्द्याकडे वळूं.

(३)

१९१२ सालीं रतनजींनीं सरकारच्या पुराणवस्तुखात्यास कळविलें कीं, एखाद्या प्राचीन स्थळाचें शास्त्रशुद्ध उत्खनन होणार असेल तर आपण दरसाल वीस हजार रुपये देऊं. खात्याचे मुख्य जॉन मार्शल यांनीं त्यासाठीं पाटलिपुत्राची निवड केली व काम डॉ. स्पूनर यांच्यावर सोंपविलें. स्पूनर हे जन्मानें अमेरिकन, संस्कृताचे चांगले जाणकार. पेशावरजवळ कनिष्काच्या स्तूपाचा शोध व त्यांतील अस्थिकरंडकाची प्राप्ति हें यश त्यांच्या पदरीं आधींच होतें. म्हणजे माणूस नवशिका नव्हता.

पाटण्याच्या परिसरांत वॅडेल यांनीं त्यापूर्वीं, १८९० नंतरच्या दशकांत, कांहीं खोदकाम केलें होतें, व बुलंदीबाग येथें त्यांस परकीय वळणाच्या नक्षीचें प्रसिद्ध स्तंभशीर्षहि मिळालें होतें. स्पूनर यांनीं कुमराहार येथें १९१३ च्या जानेवारींत काम सुरू केलें. वरच्या थरांत गुप्तकालीन विटांच्या भिंती लागल्या. त्यांच्याखालीं राखेचा थर आला. आणि त्या राखेंत सुमारें पंधरा-पंधरा फुटांच्या नियमित अंतरानें राखेचीं वर्तुळें दिसूं लागलीं. जेथें वर्तुळ तेथें एके काळीं स्तंभ, असें अनुमान करून त्यांनीं आराखडा मांडला, तेव्हां दहा दहा स्तंभांच्या आठ ओळी असलेला विशाल मंडप डोळ्यांपुढें उभा राहिला. चुनारच्या दगडाचा, आरशासारखी झिलई असलेला एक स्तंभ तर बव्हंशीं सबंध मिळाला. मंडपाच्या दक्षिणेस लांकडी ओंडक्यांचे सात चौथरे निघाले. दोन हजारांहून अधिक वर्षें मातींत राहूनहि त्यांचें लांकूड आश्चर्यकारक रीतीनें शाबूत होतें.

केवळ राखेच्या ठिपक्यांवरून ऐंशी स्तंभांचा मंडप ओळखणें हें काम सामान्य नव्हे. आमच्या मतें हिंदुस्थानांतील उत्खननाच्या इतिहासांत वाचनाच्या दृष्टीनें हा एक उत्तम मासला आहे. जीर्ण पोथींतील उडालेलीं अक्षरें शाईच्या डागांवरून लावणाऱ्या आपल्यासारख्यांस त्याची किंमत अधिक कळेल.

(४)

पण स्पूनर येथें थांबले नाहींत. मंडप पाहतांच त्यांस इराणांतील पर्सिपोलिसचा शतस्तंभ-मंडप आठवला. स्तंभांचें अंतर, झिलई, मांडणी यांत त्यांस साम्य दिसलें. तें कांहीं प्रमाणांत खरेंहि आहे, आणि मौर्य शिल्पावर इराणी छाया आहे हें मत त्यापूर्वींहि इतरांनीं मांडलें होतें. तथापि १९१५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं दोन भागांत जो प्रबंध छापला, त्याचें शीर्षकच ‘हिंदुस्थानच्या इतिहासांतील जरथुष्ट्री कालखंड’ या अर्थाचें आहे. त्यांत चंद्रगुप्त मौर्य हा धर्मानें जरथुष्ट्री, फार काय शाक्यमुनि बुद्धाचें कूळहि इराणी, येथवर त्यांनीं मजल मारली. महाभारतांत पांडवांची सभा बांधणारा जो मयासुर तो म्हणजे अहुर मज्द, आणि ‘मौर्य’ हें नांव मर्व या इराणी प्रदेशनामावरून आलेलें, अशी त्यांची व्युत्पत्ति !

या प्रबंधावर कीथ यांनीं पुढल्याच वर्षीं त्याच नियतकालिकांत कठोर टीका केली. मुंबईच्या शाखेपुढें जीवनजी जमशेटजी मोदी यांनींहि या विषयाचा स्वतंत्र परामर्श घेतला. त्या वादाची पुनरावृत्ति येथें करण्याचें कारण नाहीं. व्युत्पत्तीपुरतें मात्र दोन शब्द लिहितों. ‘असुर’ व ‘अहुर’ हे सजातीय शब्द आहेत हें निर्विवाद. संस्कृत सकाराचा इराणींत हकार होतो हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु ‘मज्द’ याचें संस्कृतांतील भावंड ‘मेधा’ हें आहे, ‘मय’ हें नव्हे. जोडशब्दाचा एक अवयव जुळला म्हणून दुसराहि जुळलाच, असें धरणें म्हणजे एका चाकावर गाडी चालविणें होय. ‘मौर्य’ शब्दासंबंधानें म्हणावें तर पालि ग्रंथांत पिप्पलिवनाच्या मोरियांचा उल्लेख असतां मर्वपर्यंत धांवण्याची गरजच काय ? साधर्म्य दिसलें कीं तेथें तादात्म्य मानावयाचें, हा हेत्वाभास आहे. बांधणीची तऱ्हा उसनी आणतां येते; तेवढ्यानें बांधविणाराचा धर्म ठरत नाहीं.

आतां आक्षेपकाचा पूर्वपक्ष ऐका. पैसा कोणाचा ? पारशी गृहस्थाचा. निष्कर्ष काय निघाला ? कीं पाटलिपुत्राचे सम्राट् पारशीच होते. याहून अधिक पुरावा तो कोणता पाहिजे ? वरवर पाहतां हा पूर्वपक्ष बिनतोड वाटतो, आणि आम्हीहि पहिल्यानें ही हकीकत वाचली तेव्हां आमच्या मनांत तोच संशय आला, हें कबूल करतों.

परंतु घटनांचा क्रम लावून पाहिला कीं संशय टिकत नाहीं. रतनजींनीं देऊं केलें तें एका प्राचीन स्थळाच्या उत्खननासाठीं. तें स्थळ पाटलिपुत्र हें ठरविलें मार्शल यांनीं. खणलें स्पूनर यांनीं. मंडप निघाल्यावर पर्सिपोलिस आठवलें तें त्यांस, व प्रबंध लिहिला तोहि त्यांनींच, आपल्या विद्येच्या भरवंशावर. छापला तो दात्याच्या खर्चाच्या पुस्तकांत नव्हे, तर जेथें त्याच्यावर पुढल्याच वर्षीं प्रहार होऊं शकला अशा विद्वत्सभेच्या नियतकालिकांत. यांत दात्यानें उत्तर मागितल्याचें चिन्ह कोठेंहि नाहीं. चूक झाली ती संशोधकाची झाली. आणि संशोधकास छंद नसतो असें थोडेंच आहे? दात्याच्या छंदाविषयीं इतकें बोलणारे विद्वान् आपल्या छंदाविषयीं मौन पाळतात, हें आम्हांस नवल वाटतें.

व्याकरणशास्त्रांत कर्ता व प्रयोजक असा भेद केला आहे. देवदत्त भात शिजवितो; यज्ञदत्त त्याच्याकडून शिजवून घेतो. भात शिजला याचें कांहीं श्रेय यज्ञदत्ताकडे जातेंच. पण मीठ अधिक पडलें तर दोष देवदत्ताचा. यज्ञदत्त चुलीशीं येऊन स्वतः मीठ टाकूं लागला, तरच तो दोषाचा भागीदार. रतनजी चुलीशीं गेल्याचें दिसत नाहीं.

(५)

तर मग या प्रकरणांत दात्याच्या बाजूनें कांहींच उणें नव्हतें काय ? होतें, आणि आमच्या मतें तें आक्षेपकांनीं दाखविलें त्याहून अधिक गंभीर होतें.

पहिलें लहानसें. पुराणवस्तुखात्याच्या १९१२–१३ च्या वार्षिक वृत्तांतांत या कामाचा अहवाल ‘श्री. रतन टाटा यांचें पाटलिपुत्रांतील उत्खनन’ अशा मथळ्याखालीं आला आहे. स्थळ प्राचीन, काम सरकारी खात्याचें, आणि नांव देणगीदाराचें. कृतज्ञता हा गुण खरा. पण तिची जागा प्रस्तावनेंत, मथळ्यांत नव्हे.

दुसरें मोठें. रतनजींनीं या कामासाठीं एकंदर पंचाहत्तर हजार रुपये दिले. हा सर्व पैसा त्यांच्या जिवंतपणीं, त्यांच्या हातून गेला. युद्धाचे दिवस आले, रतनजींची प्रकृति ढांसळली. १९१८ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत सेंट आयव्हज् येथें त्यांचा अंत झाला. कुमराहारच्या मंडपाचें पद्धतशीर उत्खनन पुन्हां सुरू झालें तें १९५१ सालीं. तें केलें पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधनसंस्थेनें, आणि त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूर प्रांतांतले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर. साहाय्यक विजयकांत मिश्र. १९५५ पर्यंत काम चाललें व १९५९ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ऐंशी स्तंभांच्या मंडपास दुजोरा मिळाला व प्रवेशाच्या बाजूस आणखी चार स्तंभांच्या खुणा आढळल्या. शिवाय तेथें गुप्तकाळीं भिक्षुसंघाचा आरोग्यविहार होता हें एका मुद्रेवरून कळलें. जरथुष्ट्री कालखंडाचें नांवहि आतां कोणी घेत नाहीं. मंडप मात्र उभा राहिला.

ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, स्पूनर यांचें मत खोडतां आलें तें त्यांच्याच नोंदींच्या आधारानें. त्यांनीं थर, अंतरें, राखेचीं वर्तुळें प्रामाणिकपणें टिपून ठेवलीं होतीं. मत वाहून गेलें व टिपण राहिलें. टिपण नसतें तर मताबरोबर मंडपहि गेला असता.

आणि खुद्द मंडप ? जमिनींतलें पाणी वर चढूं लागल्यानें उघडे पडलेले अवशेष कुजूं व झिजूं लागले. अखेर २००४ च्या सुमारास ती सर्व जागा माती-वाळूनें पुन्हां झांकून टाकणें भाग पडलें. त्यांतील कांहीं भाग उघडून पाहण्याचा प्रयत्न पुराणवस्तुखात्यानें २०२४ च्या अखेरीस हातीं घेतला. म्हणजे दात्याच्या द्रव्यानें जें उघडलें तें राखण्यासाठीं लागणारें द्रव्य कोणीच बाजूस काढून ठेवलें नव्हतें.

छंदाचा खरा दोष आम्हांस येथें दिसतो. छंद शोधासाठीं पैसा देतो, सांभाळासाठीं देत नाहीं. नवा शिलालेख, नवी पोथी, नवा ताम्रपट मिळाला म्हणजे हजार रुपये देणारे पुढें येतात. त्याच पोथीला नवा रुमाल, कपाटाला वाळवीचें औषध आणि यादी करणाऱ्या कारकुनास पगार, यांसाठीं शंभर मागितले तर मंडळींस दुसरीं कामें आठवतात. दाता पक्षपाती असतो हें खरें. पण तो पक्षपात पारशाचा पारशाकडे नसून, शोधाचा सांभाळाविरुद्ध असतो.

(६)

रतनजींच्या पश्चात् झालेला न्यास या दृष्टीनें अधिक शहाणपणाचा ठरला. त्यांच्या मृत्युपत्रांतील सूचनेचा आशय असा कीं, लोकांच्या सामाजिक, आर्थिक व राजकीय हिताच्या प्रश्नांची चौकशी लायक माणसें नेमून करावी, आणि ती ठरीव चाकोरीच्या दृष्टीनें न करतां शास्त्राच्या प्रगतीनें दिवसेंदिवस पडणाऱ्या नव्या प्रकाशांत करावी. हें वाक्य लिहिणारा मनुष्य चित्रांचा व चिनी भांड्यांचा षोकी होता. पण न्यासपत्रांत त्यानें आपली आवड विश्वस्तांच्या गळ्यांत बांधली नाहीं. प्रश्नाची दिशा सांगितली आणि उत्तर मोकळें ठेवलें.

दोराबजींची गोष्ट याहून हृदयस्पर्शी आहे. त्यांनीं पत्नी मेहेरबाई यांच्यासाठीं ‘ज्युबिली’ नांवाचा हिरा घेतला होता. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनुराच्या दुपटीहून अधिक. १९२४ सालीं जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना बुडूं लागला, तेव्हां दोराबजींनीं या हिऱ्यासकट आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकून कर्ज उभें केलें व कारखाना वांचविला. १९३१ सालीं मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यानंतर वर्षाच्या आंत दोराबजींनीं पत्नीच्या नांवानें एक न्यास केला. त्याच्या उत्पन्नाचे चार हिस्से जगांत कोठेंहि चाललेल्या त्या रोगाच्या संशोधनास जावे व पांचवा हिंदुस्थानांतील संशोधनास, अशी वांटणी ठेवली. दुसऱ्या, मोठ्या न्यासास आपली उरलेली सर्व मिळकत दिली. १९३२ च्या जूनमध्यें तेहि गेले. त्या मोठ्या न्यासांतून पुढें समाजशास्त्राची संस्था (१९३६), मुंबईचें कर्करोग रुग्णालय (१९४१) व मूलभूत संशोधनाची संस्था (१९४५) उभ्या राहिल्या.

एका माणसाच्या एका दुःखांतून निघालेला, एकाच रोगाला वाहिलेला न्यास : याहून अरुंद छंद कोणता ? तथापि दोराबजींनीं रोगाचें नांव दिलें, औषधाचें दिलें नाहीं. ‘माझ्याच देशांत’, ‘माझ्याच जातीच्या वैद्याकडून’ असेंहि म्हटलें नाहीं. विषय जितका बांधलेला तितकी रीत मोकळी. म्हणूनच हा न्यास टिकला.

हिऱ्याचें काय झालें ? विश्वस्तांनीं तो विकला. संग्राहकांनीं येथें अंमळ थांबून विचार करावा. मोठ्या प्रीतीनें घेतलेलें रत्न दात्यामागें बाजारांत गेलें, आणि तेंच योग्य झालें. कारण हिरा दुसऱ्याच्या हातांत गेला तरी हिराच राहतो. रतनजींचा कलासंग्रह मात्र एकत्र संग्रहालयांत गेला, आणि तेंहि योग्यच झालें. आमच्या पोथ्या व दप्तरें कोणत्या जातीचीं ? एका घराण्याचा रुमाल सोडून त्यांतलीं चार ‘चांगलीं’ पत्रें निराळीं विकलीं, तर उरलेल्या छत्तीसांचा संदर्भ तुटतो आणि विकलेल्या चारांचाहि तुटतो. कागदांची किंमत त्यांच्या शेजारांत असते. सबब ज्यास न्यास करावयाचा आहे त्यानें आधीं ठरवावें कीं, आपल्या घरांत हिरे कोणते व रुमाल कोणते. पहिले विकून दुसऱ्यांचा सांभाळ करावा. याच्या उलट कधींहि करूं नये.

(७)

छंद असूनहि निर्णय मोकळा राहिल्याचें एक उदाहरण पुण्यांतच आहे, आणि टाटा-बंधूंचा त्याशीं संबंध आहे म्हणून तें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं निघालें. त्याच्या इमारतीस दोराबजी व रतनजी यांनीं द्रव्य दिलें. तेथील टाटा सभागृह त्याची साक्ष देतें. त्याच मंदिरास औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं लाख रुपयांचें वचन देऊन महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढण्यास सुचविलें. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांच्या मनांतलें महाभारत सचित्र होतें. आणि चित्रांच्या हौसेंतून हें पाठचिकित्सेचें प्रचंड कार्य सुरू झालें, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां पाहा. १९१९ सालीं आरंभ झाला, १९२५ पासून डॉ. सुकथनकरांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि एकंदर १२५९ हस्तलिखितांच्या आधारें पाठ ठरत गेला. गणपतीनें व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहून घेतलें, ही घरोघर चित्रांतून टांगलेली कथा हस्तलिखितांच्या कसोटीस उतरली नाहीं. ती मूळ संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. चित्रकाराला याहून आवडता प्रसंग कोणता असावा ? पण चित्रें देणाऱ्यानें पाठ मागितला नाहीं, आणि संपादकानेंहि तो दिला नाहीं. १९६६ सालीं काम पुरें झालें, तेव्हां मूळ दाता व मूळ संपादक दोघेहि हयात नव्हते. छंद निवर्तला, पद्धत राहिली.

(८)

शेवटीं आमच्या अनुभवांतली एक गोष्ट. कोणाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही शाळेंत असतां एका वृद्ध वैदिकांच्या घरीं आमचें जाणें असे. त्यांच्याजवळ श्रौतप्रयोगांच्या पोथ्यांचा सुरेख संग्रह होता. प्रत्येक पोथीस लाल खारव्याचें वेष्टन, प्रत्येकीवर स्वहस्तें लिहिलेली चिठ्ठी. त्यांनीं तो एका संस्थेस दिला आणि दानपत्रांत अट घातली कीं, अधिकारी पुरुषावांचून कोणासहि पोथी दाखवूं नये. अधिकारी कोण हें ठरवावयाचें कोणी, तें लिहिलें नव्हतें. संस्थेनेंहि सोईचा अर्थ केला : कोणासच दाखविलें नाहीं. वीस वर्षांनीं आम्हीं फार आग्रह धरल्यावर कपाट उघडलें. वरच्या फळीवरच्या पोथ्या होत्या तशा होत्या. खालच्या दोन फळ्यांवर लाल वेष्टनें तेवढीं होतीं. आंत हात घातला तों वाळवीची माती हाताला लागली.

त्या गृहस्थांचा छंद शुद्ध होता. संस्थेच्या मनांतहि पाप नव्हतें. दानपत्रांत पोथीवरील प्रेम होतें, पोथीचा सांभाळ नव्हता. निर्णय बांधलेला होता आणि रीत सांगितलेली नव्हती. दोराबजींनीं केलें त्याच्या नेमकें उलट.

या गोष्टीनंतर आम्हीं आपल्या पन्नासएक पोथ्यांच्या व तीन रुमालांच्या दानपत्राचा मसुदा पुन्हां लिहावयास घेतला आहे. पहिल्या मसुद्यांत संग्रह आमच्या कैलासवासी वडिलांच्या नांवानें स्वतंत्र कपाटांत ठेवावा असें कलम होतें. तें आम्हीं खोडलें. खोडतांना हात जड झाला, हें सांगण्यास लाज वाटत नाहीं. त्याऐवजीं चार कलमें घातलीं आहेत. स्वीकारल्यापासून एका वर्षांत सविस्तर यादी छापावी. मागेल त्या अभ्यासकास पोथी दाखवावी व तिची नक्कल घेऊं द्यावी. बरोबर दिलेल्या रकमेचा निम्मा व्याजभाग केवळ सांभाळावर खर्चावा. आणि आमच्या टिपणांतील कोणतेंहि मत पुढील संशोधकांवर बंधनकारक समजूं नये. या शेवटच्या कलमास आमचे वकील हंसले. असलें कलम कोणी घालीत नाहीं म्हणाले. आम्हीं तें ठेवलें आहे.

तेव्हां आक्षेपकांस आमचें उत्तर इतकेंच. संस्थेच्या मुळाशीं कोणाचा तरी छंद असणें हा दोष नव्हे. त्यावांचून पाटलिपुत्राचा मंडपहि निघाला नसता आणि महाभारताची आवृत्तिहि. दात्यानें प्रश्न निवडावा, उत्तर निवडूं नये. आणि जें उघडावें त्याच्या सांभाळाची तजवीज त्याच कागदांत करावी. संग्राहकांपैकीं ज्यांनीं आपलीं दानपत्रें केलीं असतील किंवा करावयाचीं असतील, त्यांनीं त्यांतील कलमें, नांवें गाळून कां होईना, या त्रैमासिकाकडे पाठविल्यास त्यांवरून सर्वांस उपयोगी पडेल असा एक नमुना तयार करतां येईल. आमचा मसुदा आम्ही संपादकांकडे आधींच दिला आहे.